सुई आधी, कार्ट्रिज नंतर

टर्नटेबलवर कोणतं कार्ट्रिज (आर्मच्या टोकाला बसणारी, सुईची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी डबी) लावावं, सुई कधी बदलावी आणि बदलताना नेमकं काय चुकतं, अशी विचारणा करणारी बरीच पत्रं या खेपेला आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या टर्नटेबलवर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई कार्ट्रिज आहे. आता आवाजात सुधारणा हवी आहे. अख्खं कार्ट्रिज बदलू की नुसती सुई बदलून भागेल? मित्राकडे ऑर्टोफॉन २एम रेड आहे, त्यालाही हाच प्रश्न पडला आहे.

उत्तर : नुसती सुई बदला. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या कार्ट्रिजचा जो भाग हेडशेलला, म्हणजे आर्मच्या टोकाच्या पट्टीला स्क्रूने बसतो, त्यात फक्त कॉइल आणि त्यांचे धातूचे गाभे असतात. ते हलत नाहीत, झिजत नाहीत. हलणारं सगळं सुईच्या प्लास्टिकच्या धारकात असतं : टोकाचा हिरा, त्याला धरणारी बारीक नळी म्हणजे कॅन्टिलिव्हर, नळीच्या मागच्या टोकाचं चुंबक आणि या सगळ्याला लवचीक आधार देणारं रबर. त्यामुळे सुई बदलली की झिजणारं आणि म्हातारं होणारं सगळंच नवं होतं. खाचेतला किती बारीक तपशील उचलला जाणार हेही बहुतांशी तिथेच ठरतं.

व्हीएम९५ मालिकेत सगळ्या मॉडेलांचा मूळ भाग एकच आहे. सी, ई, ईएन, एमएल, एसएच यांपैकी कोणतीही सुई त्यावर बसते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डसाठीची एसपीसुद्धा. तुमच्याकडची ई ही लंबगोल टोकाची आणि बॉन्डेड आहे, म्हणजे हिऱ्याचा इवलासा तुकडा धातूच्या खुंटीवर चिकटवलेला. ईएनमध्ये टोकाचा आकार तोच, पण ते अखंड हिऱ्याचं असल्यामुळे वजनाने हलकं. एमएल म्हणजे मायक्रोलाइन. हिच्या ज्या कडा खाचेच्या भिंतींना टेकतात त्यांची त्रिज्या सुमारे ३ मायक्रॉन आहे. तुमच्या ईची साधारण ८. आमचं मत असं की ईएनचा टप्पा गाळा आणि थेट एमएल घ्या. कंपनी लंबगोल सुईचं आयुष्य ३०० तास आणि मायक्रोलाइनचं १००० तास सांगते, तेव्हा तासांच्या हिशेबात ही सुई महाग पडत नाही.

तुमच्या मित्राच्या २एम रेडवर त्याच मालिकेतल्या ब्लूची सुई बसते. दोन्हींचा आकार ८ बाय १८ मायक्रॉनच, पण ब्लूचा हिरा अखंड, म्हणून वरचे सूर अधिक स्वच्छ आणि मोकळे येतात. मालिकेतल्या ब्रॉन्झ आणि ब्लॅक यांची कॉइल वेगळी आहेत, त्यांच्या सुयांची अदलाबदल आपापसातच करावी. रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात आवाज फाटतो ही मित्राची मुख्य तक्रार असेल तर ब्लूवर थांबू नये, ब्रॉन्झ अख्खं घ्यावं.

सुई बदलताना अँप्लिफायरचा आवाज शून्यावर आणा आणि सुईला गार्ड चढवा. हेडशेल सुटं होत असेल तर काढून टेबलावर, चांगल्या उजेडात घ्या. प्लास्टिकचा धारक दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून पुढे आणि खाली ओढा. बोट कॅन्टिलिव्हरच्या वाटेला जाता कामा नये. नवी सुई ‘टक्‌’ असा आवाज येईपर्यंत बसवा आणि बाजूने निरखून पाहा. धारक आणि मूळ भाग यांच्यामध्ये केसाएवढीही फट राहिली असेल तर चुंबक कॉइलच्या समोर नीट येत नाही आणि एका बाजूचा आवाज दबतो. नवी सुई बोगस निघाली अशा तक्रारींत बऱ्याचदा ही फटच असते. शेवटी ट्रॅकिंगचं वजन, म्हणजे सुई रेकॉर्डवर किती भाराने टेकते ते पुन्हा मोजा. सुई बदलली की ते जुन्या आकड्यावर राहिलंय असं गृहीत धरू नका.

प्रश्न : सुई झिजली हे कसं ओळखायचं? आमच्याकडे आठवड्याला तीनच एलपी वाजतात. पाच वर्षं झाली, पण आवाज तसा ठीक वाटतो.

उत्तर : आधी तास मोजू. तीन एलपी म्हणजे सहा बाजू. एक बाजू २० मिनिटांची धरली तर आठवड्याला २ तास, वर्षाला १०४ तास, पाच वर्षांत ५२० तास. एलपीची २० मिनिटांची एक बाजू म्हणजे जवळपास ४३० मीटर लांबीची खाच असते. त्या हिशेबाने तुमचा हिरा साडेसहाशे किलोमीटरपेक्षा जास्त घासला गेला आहे. गोल टोकाच्या, म्हणजे कोनिकल सुईसाठी साधारण ५०० तास हा आकडा सांगितला जातो, साध्या लंबगोल सुईसाठी ३००. तुमची मुदत संपली आहे.

‘ठीक वाटतो’ या भरवशावर राहू नका. झीज इतक्या सावकाश होते की कानाला तिची सवय लागते. रेकॉर्डच्या आतल्या बाजूचं, शेवटचं गाणं ऐका. ‘स’ आणि ‘श’ थुंकी उडाल्यासारखे येतात का, झांजेचा आवाज कागद फाटल्यासारखा होतो का, ते बघा. मात्र त्याआधी सुई साफ करा, कारण टोकावर साचलेला धुळीचा गोळाही हुबेहूब असाच आवाज देतो.

खात्री हवी असेल तर १०० ते २०० पट मोठं दाखवणारा छोटा सूक्ष्मदर्शक घ्या आणि प्रकाश बाजूने पाडा. नव्या टोकावर प्रकाशाचा बारीक ठिपका दिसतो. झिजलेल्या टोकावर दोन्ही अंगांना चकाकणारे सपाट पट्टे दिसतात. या पट्ट्यांच्या कडा धारदार असतात आणि पटाशीने लाकूड खरवडावं तशा त्या खाचेच्या भिंती खरवडतात. सुई नवी आणता येते, पण खरवडली गेलेली रेकॉर्ड परत येत नाही. म्हणून तासांचा आकडा टर्नटेबलच्या मागे कागदी पट्टीवर लिहून ठेवा आणि तो संपला की आवाज बरा वाटत असला तरी सुई बदला.

प्रश्न : रेकॉर्डच्या सुरुवातीला आवाज अप्रतिम, पण शेवटच्या गाण्यात गायिकेचा आवाज चरचरतो. सुई नवीन आहे. दोष रेकॉर्डचा की कार्ट्रिजचा?

उत्तर : थोडा भूमितीचा, थोडा सुईच्या आकाराचा आणि बहुतेक वेळा जुळवणीचा.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला, केंद्रापासून १४६ मिलिमीटरवर, खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते. आत ६० मिलिमीटरवर हाच वेग २१ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे १० किलोहर्ट्‌झच्या सुराची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते, ती आत २१ मायक्रॉनमध्ये कोंबलेली असते. गोल सुईची त्रिज्या १८ मायक्रॉन. एवढं जाडं टोक त्या वळणात शिरणार कसं? ते वळणाच्या माथ्यांवरून घसरत जातं आणि त्या घसरण्याचाच चरचराट ऐकू येतो. ८ मायक्रॉनची लंबगोल सुई बरीच आत शिरते, ३ मायक्रॉनची मायक्रोलाइन सहज.

पण सुईचा आकार बदलण्याआधी जुळवणी तपासा. त्याला काहीच खर्च नाही. टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, एका बिंदूभोवती फिरतो, म्हणून पूर्ण रेकॉर्डभर तो खाचेशी नेमका स्पर्शरेषेत राहू शकत नाही. फक्त दोन जागी राहतो. प्रचलित बेअरवॉल्ड पद्धतीत या जागा केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. दोन बिंदूंचा प्रोट्रॅक्टर, म्हणजे जुळवणीचा तक्ता छापून घेणार असाल तर छपाईनंतर त्यावरचं अंतर पट्टीने मोजून बघा, कारण प्रिंटर बरेचदा आकार दोन-तीन टक्क्यांनी लहान करतो. मग हेडशेलचे स्क्रू कार्ट्रिज जेमतेम सरकेल इतके सैल करा. सुई पहिल्या बिंदूवर टेकवा, कॅन्टिलिव्हर छापील रेषांना समांतर आहे का पाहा, मग दुसऱ्या बिंदूवर. पुढे-मागे आणि थोडं फिरवत दोन्ही ठिकाणी जुळेपर्यंत हेच करत राहा. नजर कॅन्टिलिव्हरवर ठेवा, कार्ट्रिजच्या चौकोनी कडेवर नाही. काही वेळा कॅन्टिलिव्हर कारखान्यातूनच एखाद्या अंशाने तिरका आलेला असतो. स्क्रू आवळताना एक अर्धा फेरा, मग दुसरा अर्धा फेरा असं आळीपाळीने करा, नाहीतर आवळतानाच कार्ट्रिज फिरतं आणि सगळी मेहनत वाया जाते. टेक्निक्स एसएल-१२०० असेल तर सुईच्या टोकापासून हेडशेलच्या मागच्या रबरी वॉशरपर्यंत ५२ मिलिमीटर ठेवलं की कंपनीची जुळवणी मिळते.

एवढं करूनही चरचर राहिली तर अँटी-स्केटिंग, म्हणजे आर्मला आत खेचणाऱ्या ओढीला तोलणारी सोय पाहा. सुरुवातीला ते ट्रॅकिंगच्या वजनाइतक्याच आकड्यावर ठेवा. रेकॉर्ड वाजत असताना समोरून पाहा. कॅन्टिलिव्हर एका बाजूला झुकलेला दिसला तर अँटी-स्केटिंग कमी-जास्त करा. खाच नसलेल्या गुळगुळीत चकतीवर आर्म स्थिर राहतो का हे पाहण्याची पद्धत आम्ही सुचवत नाही, कारण खाचेतलं घर्षण आणि सपाट प्लास्टिकवरचं घर्षण सारखं नसतं.

आर्मची उंची सर्वांत शेवटी. वाजताना आर्म रेकॉर्डला समांतर असला की पुरे. २३० मिलिमीटरच्या आर्ममध्ये मागची बाजू ४ मिलिमीटर उचलली तेव्हा सुईचा कोन जेमतेम १ अंश बदलतो. प्रत्येक रेकॉर्डच्या जाडीप्रमाणे उंची बदलत बसण्यात काही हशील नाही.

प्रश्न : रेकॉर्ड झिजू नये म्हणून मी २ ग्रॅमऐवजी १.५ ग्रॅमच वजन ठेवतो. बरोबर आहे ना?

उत्तर : नाही. पुस्तिकेत १.८ ते २.२ लिहिलं असेल तर १.५ ग्रॅमवर हिरा मोठ्या आवाजाच्या जागी खाचेच्या भिंतीवरून उडतो आणि परत आदळतो. ते आदळणं खाचेला कायमचं टोचतं. किंचित जास्त वजनाने झीज थोडी वाढते, कमी वजनाने खाच फुटते. दिलेल्या पट्ट्याच्या मध्यावर किंवा थोडं वर ठेवा. आर्मवरच्या आकड्यांवर विसंबू नका, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. काट्याची थाळी लोखंडी नसावी, कारण कार्ट्रिजचं चुंबक तिच्याकडे ओढलं जातं आणि आकडा खोटा येतो. सुई टेकते ती जागा रेकॉर्डच्याच उंचीवर असू द्या.

प्रश्न : नवं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज लावल्यापासून आवाज टोचतो. ‘स’ तर सुईसारखा कानात जातो. जुळवणी दोनदा तपासली, सुई साफ आहे. पुस्तिकेत इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री आणि लोड १०० ते २०० पिकोफॅरड असं लिहिलं आहे.

उत्तर : तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीतच उत्तर आहे. कार्ट्रिजच्या कॉइलचं इंडक्टन्स (बदलत्या विजेला विरोध करण्याचा गुण) आणि त्याला जोडलेल्या तारांची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता, पुस्तिकेतला लोड) मिळून एक विद्युत अनुनाद तयार होतो. कपॅसिटन्स जितकी जास्त तितका तो खाली, कानाला सहज ऐकू येणाऱ्या पट्ट्यात उतरतो आणि तिथले सूर फुगवतो.

बेरीज करा. टोनआर्ममधल्या तारांचे अंदाजे ३० पिकोफॅरड. टर्नटेबलपासून प्रीअँपपर्यंतची, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागापर्यंतची केबल मीटरला १०० च्या आसपास, १.२ मीटर असेल तर १२०. प्रीअँपच्या आतला कपॅसिटर, समजा, १५०. एकूण ३००. ५५० मिलिहेन्रीबरोबर ३०० पिकोफॅरडचा अनुनाद १२.४ किलोहर्ट्‌झला येतो. ‘स’कार आणि झांजांच्या पट्ट्यातच तो येऊन बसला आहे. एकूण १५० वर आणलंत तर तो १७.५ किलोहर्ट्‌झपर्यंत वर सरकतो आणि टोचणी जाते.

कमी करण्याच्या दोन वाटा आहेत. प्रीअँपला मागे किंवा खाली बारीक स्विच असतील तर त्यावर ५० किंवा शून्य निवडा. ते नसतील तर केबल अर्ध्या मीटरची, कमी कपॅसिटन्सची घ्या. टर्नटेबलच्या आतच प्रीअँप असेल तर बाहेरची केबल बदलून काही होणार नाही, कारण तिथून पुढे जाणारा सिग्नल आधीच मोठा झालेला असतो. ऑर्टोफॉन २एमसाठी कंपनी १५० ते ३०० पिकोफॅरड सांगते. म्हणजे तुमच्या आजच्या तारांवर ते कार्ट्रिज कुरबुरीशिवाय चाललं असतं. एका घरात मधुर वाजणारं कार्ट्रिज दुसऱ्या घरात कर्कश वाटतं ते पुष्कळदा यामुळेच. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचं (यात चुंबकाऐवजी कॉइल हलतं) इंडक्टन्स इतकं कमी असतं की त्यांना हा जाच नसतो.

प्रश्न : डेनॉन डीएल-१०३ची फार स्तुती ऐकतो. माझा टोनआर्म हलका आहे, इफेक्टिव्ह मास ८ ग्रॅम. लावू का? आणि त्यासाठी आणखी काय लागेल?

उत्तर : स्तुती खरी आहे. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी १९६०च्या दशकात घडवलेलं हे मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज अजूनही बनतं, आणि मानवी आवाज ज्या भरीवपणे ते समोर ठेवतं त्यासाठी त्याला मान आहे. पण ते हलक्या आर्मसाठी नाही.

कार्ट्रिजचं रबर म्हणजे स्प्रिंग आणि आर्म म्हणजे त्या स्प्रिंगवर टांगलेलं वजन. दोघं मिळून एका ठरावीक गतीने झुलतात. ही गती ८ ते १२ हर्ट्‌झच्या मध्ये पडली पाहिजे. त्याखाली गेली तर वाकड्या रेकॉर्डची लहर आणि घरात कुणी चाललं तर त्याची धडधड आर्मला नाचवते. बरीच वर गेली तर खर्जाला झोंबते. हिशेब असा : आर्मचं इफेक्टिव्ह मास (सुईला जाणवणारं त्याचं वजन), कार्ट्रिज आणि स्क्रू यांचं एकूण वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याला कंप्लायन्सने, म्हणजे रबराच्या लवचीकपणाच्या आकड्याने गुणा, गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि १५९ला त्याने भागा.

जपानी कंपन्या कंप्लायन्स १०० हर्ट्‌झला मोजून देतात, इथे लागतो १० हर्ट्‌झचा. म्हणून त्यांचा आकडा साधारण दीड ते दोन पट करून घ्यावा. डीएल-१०३चा छापील आकडा ५, तो आपण ९ धरू. कार्ट्रिज ८.५ ग्रॅम, स्क्रू १ ग्रॅम, तुमचा आर्म ८, एकूण १७.५. नवाने गुणले तर १५७.५, वर्गमूळ साडेबारा, उत्तर १२.७ हर्ट्‌झ. सीमेच्या बाहेर. शिवाय ताठ रबराचा धक्का हलक्या आर्मला हादरवतो, तो वेगळाच. २० ग्रॅमच्या आर्मवर हेच गणित ९.८ देतं, म्हणजे नेमकं जिथे हवं तिथे. तुमच्या आर्मला सुटं हेडशेल लागत असेल तर जड हेडशेल किंवा कार्ट्रिजवर ४-५ ग्रॅमची धातूची पट्टी लावून निभावता येईल, मात्र मागचं वजन तेवढा तोल सावरू शकतं का ते आधी पाहा. उलट उदाहरणही लक्षात घ्या. २एम रेडचा कंप्लायन्स २०. १२ ग्रॅमच्या आर्मवर स्क्रूंसकट एकूण २० ग्रॅम, उत्तर जवळपास ८. तेच २० ग्रॅमच्या आर्मवर लावलं तर ६.७ येतं आणि वाकड्या रेकॉर्डवर स्पीकरचा पडदा आत-बाहेर हेलकावताना डोळ्यांना दिसतो.

राहिली बाकीची सामग्री. डीएल-१०३चा सिग्नल ०.३ मिलिव्होल्ट, साध्या मूव्हिंग मॅग्नेटच्या दहाव्या भागाहूनही कमी. त्याला ६० डेसिबलच्या आसपास वाढवणारा फोनो स्टेज, म्हणजे वर आलेला प्रीअँपच, लागतो किंवा तुमच्या नेहमीच्या फोनो इनपुटच्या आधी एक स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. एकास दहाचा ट्रान्सफॉर्मर ०.३चे ३ मिलिव्होल्ट करतो आणि ४७ किलोओहमचा इनपुट कार्ट्रिजला ४७० ओहमसारखा दिसतो. ४० ओहमच्या या कार्ट्रिजला ते चांगलं मानवतं. एकास वीस घेतला तर लोड ११७ ओहमवर येतो आणि आवाज थोडा दबून येतो. आणखी एक गोष्ट आधी माहीत असू द्या : मूव्हिंग कॉइलची सुई घरी बदलता येत नाही. झिजली की अख्खं कार्ट्रिज बदलून घ्यायचं किंवा कारागिराकडून नवं टोक बसवून घ्यायचं. म्हणून पहिल्या सुधारणेसाठी हा रस्ता आम्ही सुचवत नाही. आधी चांगली सुई आणि जुळवणी, मग फोनो स्टेज, मग मूव्हिंग कॉइल.

प्रश्न : कार्ट्रिज बदलल्यावर डाव्या बाजूने आवाजच येत नाही आणि घूं असा आवाज सतत येतो. तारा तर रंग बघूनच लावल्या.

उत्तर : रंग पुन्हा जुळवा : पांढरी डावी धन, निळी डावी ऋण, लाल उजवी धन, हिरवी उजवी ऋण. कार्ट्रिजच्या मागच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, म्हणून जुन्या कार्ट्रिजच्या जागा पाठ करून नव्यावर लावू नका. पिनांवरचे रंग किंवा अक्षरं पाहा.

रंग बरोबर असतील तर निळी किंवा पांढरी तार टोपणातून सुटली असणार. टोपण म्हणजे तारेच्या टोकाची ती इवलीशी पितळी नळी. काढताना लोक तार धरून ओढतात आणि डाख तिथेच तुटतो. नेहमी बारीक चिमट्याने टोपणच धरा. सैल झालं असेल तर त्याच्या आत दातकोरणीचं टोक ठेवून चिमट्याने हलकं दाबा. घट्ट असेल तर तेच टोक हळूच आत ढकलून किंचित रुंद करा. कार्ट्रिजच्या पिनेवर मात्र डाखकाम कधीही करू नका. उष्णता पिनेतून आत जाते आणि केसाहून बारीक कॉइलचा सांधा वितळून सुटतो, मग ते कार्ट्रिज कायमचं गेलं.

हेडशेल सुटं होणारं असेल तर त्याच्या मागचे चार टेकू खोडरबराने पुसा, आर्ममधल्या स्प्रिंगवाल्या पिनाही. घूं दोन्ही बाजूंनी येत असेल तर टर्नटेबलमागची सुटी ग्राउंड तार प्रीअँपच्या ग्राउंड स्क्रूखाली आवळली आहे का ते पाहा.

प्रश्न : आजोबांच्या काळातल्या ७८च्या रेकॉर्ड आहेत, काही जुन्या मोनो एलपीही. आताच्याच सुईने वाजवल्या तर चालेल का?

उत्तर : मोनो एलपी चालेल, ७८ नाही. ७८ची खाच रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. १८ मायक्रॉनची आजची सुई खाचेच्या तळाला जाऊन बसते, तिथे फक्त वर्षांची घाण असते. तुमच्या कार्ट्रिजच्या मालिकेत ७८ची सुई मिळत असेल तर ती घ्या आणि तिच्या पुस्तिकेतलं वजन लावा. या रेकॉर्ड आजच्या प्रमाण इक्वलायझेशनच्या, म्हणजे रेकॉर्ड करताना बदललेले खर्ज आणि वरचे सूर वाजवताना पूर्ववत करण्याच्या पद्धतीच्या आधीच्या आहेत. १९५४च्या सुमारास आरआयएए वक्ररेषा रूढ झाली, त्याआधी प्रत्येक कंपनीचा मार्ग निराळा होता. म्हणून बास-ट्रेबल कानाने जुळवून घ्यावं लागतं. लाखेच्या, म्हणजे शेलॅकच्या या रेकॉर्डला अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण लावू नका, पृष्ठभाग विरघळतो.

मोनो एलपी स्टिरिओ सुईने वाजवताना अँप्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबा. सुईच्या वर-खाली हालचालीतून येणारा खरखरीचा मोठा भाग त्याने कापला जातो. पण फार जुनं मोनो कार्ट्रिज स्टिरिओ रेकॉर्डवर कधी टेकवू नका. ते वर-खाली हलू शकत नाही आणि स्टिरिओची खाच नांगरल्यासारखी उकरतं.

प्रश्न : सुटकेससारख्या पेटीतल्या छोट्या प्लेअरला चांगलं कार्ट्रिज लावता येईल का?

उत्तर : नाही. त्यातलं कार्ट्रिज सिरॅमिक, त्याचा सिग्नल शेकडो मिलिव्होल्टचा. मूव्हिंग मॅग्नेटचा ३ ते ५ मिलिव्होल्ट. आतल्या अँप्लिफायरला तो ऐकूच येणार नाही, आणि त्या आर्मवर २ ग्रॅमचं वजन नेमकं लावायची सोयही नसते. सुई वेळेवर बदलत राहा आणि आवडत्या रेकॉर्ड दुसऱ्या टर्नटेबलसाठी राखून ठेवा.

प्रश्न : सुई साफ कशी करायची? बोटाने फुंकर मारत पुसली तर चालते का?

उत्तर : बोट लावू नका, त्वचेचं तेल धुळीला चिकटवतं. कार्बन फायबरचा किंवा मऊ केसांचा छोटा ब्रश घ्या आणि मागून पुढे, म्हणजे रेकॉर्ड फिरते त्याच दिशेने, एकदाच फिरवा. आडवा किंवा पुढून मागे फिरवला की कॅन्टिलिव्हर मोडतो. प्रत्येक बाजूनंतर हे करा, दहा सेकंदांचं काम आहे. घट्ट बसलेल्या मळासाठी चिकट जेलची वडी मिळते. आर्मच्या लिव्हरने सुई तिच्यावर अलगद उतरवा आणि सरळ वर उचला. वडीवर काळा ठिपका उमटलेला दिसेल. ती हाताने सुईला लावू नका, ओढाताणीत रबर निखळतं. द्रावण वापरायचंच असेल तर ब्रशवर जेमतेम ओल असू द्या. जास्त झालं तर ते कॅन्टिलिव्हरवरून मागे रबरापर्यंत ओघळतं, आणि हिऱ्याचा चिकटवलेला सांधाही सैल होऊ शकतो.

प्रश्न : माझ्या शुअर कार्ट्रिजसाठी मूळ कंपनीची जुनी, न उघडलेली सुई मिळते आहे. घ्यावी का?

उत्तर : शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज आणि सुया बनवणं थांबवलं, त्यामुळे मूळ सुई दिसली की हात पुढे जातो हे समजू शकतं. पण पाकीट न उघडताही रबराचं वय वाढत राहतं. वीस-तीस वर्षं पडून असलेल्या सुईतला हिरा कोरा असतो, रबर मात्र ताठ किंवा ढिलं झालेलं असतं. विकणारा परत घ्यायला तयार असेल तरच घ्या. बसवून सांगितलेलं वजन लावा आणि बाजूने पाहा. कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला टेकायला आलं तर रबर ढिलं, आणि मोठ्या आवाजाच्या जागी दोन्ही बाजूंनी फाटलं तर ताठ. दोन्हींत ती परत करा. तशी निघाली तर जपानच्या जिको कंपनीची नवी बदली सुई घ्या. तुमच्या कार्ट्रिजचा मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवूनच ती मागवा.